पूर्वेकडून माँट्रियल

उस्ताद मुतवल्लींकडे सल्ला मागावा लागत नसे, तो आपोआप मिळे. कैरोच्या शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवून ते निवृत्त झाले होते. पृथ्वी गोल आहे हे जणू त्यांच्याच सहीने मंजूर झालं होतं.

मुलगी रदवा माँट्रियलला बाळंत होणार होती, वीस एप्रिलच्या सुमारास. उस्तादांची इच्छा एकच, नातवाला आपलं नाव मिळावं. सातव्या दिवशी, सुबूला म्हणजे तिकडच्या बारशाला, एकेका नावाची मेणबत्ती लावतात. शेवटपर्यंत जळेल ते नाव बाळाचं. तिथे जातीने उभं राहून वाऱ्यावर लक्ष ठेवायचं (कोणत्या मेणबत्तीला वारा लागावा हेही ठरलं होतं) असा त्यांचा बेत होता.

ते दोघा नवराबायकोची साधी जाऊन-येऊन तिकिटं काढायला गेले आणि तिकीटवाल्या सामेहच्या तोंडून निसटलं, "थोडे जास्त टाकलेत तर जगप्रदक्षिणाच होते, उस्ताद."

झालं!

"दर कशावर ठरतो रे?"

"कुठून निघता त्यावर. लंडनहून निघालात तर कंबरडं मोडतं, कैरोहून परवडतं. मग किती खंड, किती मैल. आणि पहिलं विमान ज्या दिवशी, त्या दिवसाचा दर सगळ्या तिकिटाला. एक एप्रिलपासून चढतो."

"म्हणजे तीस मार्चला निघालो की सगळं स्वस्तात?"

"हो. पण दिशा एकच. मागे फिरायचं नाही."

उस्तादांनी जागच्या जागी नकाशा आखला. तीस मार्चला निघायचं, बँकॉक, टोकियो करत बारा एप्रिलला माँट्रियल. सिडनी गाळली, तेवढाच एक खंड वाचला.

घरी बायको इनायत मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत होती.

"मुलगी पश्चिमेला, आणि आपण पूर्वेला निघायचं?"

"अगं, पृथ्वी गोल आहे."

"असेल. पण बाळ काय तुमच्या तिकिटाचे नियम वाचून येणार आहे?"

"पहिलटकरणीला उशीरच होतो," उस्तादांनी ठणकावलं. (हेही भूगोलातच येत असावं.)

बँकॉकमध्ये दोन एप्रिललाच जावयाचा फोन आला. मुलगा झाला, दोघं सुखरूप! इनायत रडली, हसली, आणि मग तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"तारीख बदला."

उस्तादांनी ऐटीत सामेहला फोन लावला. "तारीख बदलायला पैसे पडत नाहीत, मला ठाऊक आहे!"

"पैसे पडत नाहीत उस्ताद, पण सीटाच नाहीत. या दराला विमानात मोजक्याच जागा असतात. त्यात टोकियोत चेरी फुललीय, अख्खं जग तिकडे लोटलंय. बारा तारखेच्या आधी काही नाही."

"मग उलटा फिरतो!"

"उलटे फिरलात की तिकीट नव्याने. एप्रिलच्या दराने."

इनायतने फोन हिसकावला. "सामेह, लेकरा, मला सुबूला पोचव. कसंही."

अर्ध्या तासात सामेहने वेगळं तिकीट शोधून दिलं. वेळेत पोचणारं, महाग, आणि जागा एकच.

"जा तू," ते म्हणाले. "माझी मेणबत्ती जाडी घे, आणि मधे ठेव."

मग टोकियोत ते एकटेच झाडाखाली बसून फुलं पाहत राहिले. फुलं फार सुंदर होती. त्यांना एकही आवडलं नाही.

बारा तारखेला माँट्रियलला इनायतने दार उघडलं.

"नाव?"

"तुमची मेणबत्ती छान जळत होती हो."

"मग?"

"सामेहची बोटभर जास्त जळली. त्या पोरानं मला इथं आणलं, त्याच्या नावाची एक लावायला नको?"

"आणि जाडी कोणाची होती?"

इनायत दुपट्यांच्या घड्या घालायला लागली.

महिनाभराने उस्ताद कैरोतल्या कॉफीखान्यात पुन्हा रंगात आले होते. जगप्रदक्षिणेच्या तिकिटाचा दर कशाकशावर ठरतो, ते बोटांवर मोजून सांगत होते. सगळे माना डोलावत होते.

"आणि नातवाचं नाव कशावर ठरलं, उस्ताद?" कोणीतरी विचारलं.

उस्तादांनी चहाचा घोट घेतला.

"तिकीटवाल्यावर."