घर म्हणून मंजूर झालेली नाव

साहेब, एका म्हातारीला तिच्या सख्ख्या बहिणीपासून तोडण्याचं काम तुमच्या कचेरीने केलं आहे, आणि तेही एकही नियम न मोडता.

आमच्या गल्लीतल्या चष्मेवाल्याची आई नदीच्या या काठाला, मावशी पलीकडच्या. तुम्ही धक्का धोकादायक ठरवून होडी बंद केलीत आणि नवा धक्का विचाराधीन ठेवलात. पूल लांब, आणि आईला गाडी लागते. कोपऱ्यावरच्या वळणालाच पोटातलं सगळं बाहेर. म्हणून चष्मेवाल्याने मागच्या अंगणात लाकडी नाव बांधायला घेतली. आईला वाटेत आडवं व्हावं लागतं, म्हणून वर केबिन. तिथलं सगळं आईच्या मनासारखं: खिडकी इतकी खाली की पडल्या पडल्या पलीकडचा काठ दिसावा, गुडघ्यांना सोसेल अशी पायरी, आणि निजायला बाक एकाऐवजी दोन. येताना धाकट्या बहिणीलाही घेऊन येणार, तिचं घोरणं ऐकून किती वर्षं झाली, असं ती म्हणे.

फळ्यांच्या फटी बुजल्या, रंगाचा शेवटचा हात उरला, तोच शेजारच्या काकांच्या तक्रारीवरून बांधकाम तपासनीस हजर. त्यांनी नावेला फेरी मारली, केबिनचं दार उघडून-लावून पाहिलं.

"दार आहे, खिडकी आहे, निजायची सोय आहे. हे विनापरवाना घर आहे."

"साहेब, ही नाव आहे. खालचं पोट तरी बघा."

"पाण्यात आहे का?"

"अजून नाही."

"मग?"

या 'मग'चं उत्तर शोधत चष्मेवाला नावांच्या परवान्याच्या कचेरीत गेला. तिथल्या बाईंनी आपुलकीने समजावलं की तपासणी नाव पाण्यात असतानाच होते, आणि तपासणी न झालेली नाव पाण्यात घालणं हा गुन्हा आहे. त्याचा चेहरा बघून त्यांनी त्याला पेलाभर पाणी दिलं. त्या कचेरीतून त्याला मिळालेलं पाणी तेवढंच.

शेवटी तोड तपासनीसांनीच काढली. घर म्हणून मंजूर करून घ्या, म्हणजे पाडावं लागणार नाही, पुढचं पुढे. बुडत्याला काडीचा आधार. इथे तर नाव पाण्याला लागायच्या आधीच माणूस बुडत होता.

घराला पाया हवा, म्हणून नाव बोल्ट मारून काँक्रीटमध्ये रोवली. सांडपाण्याचा निचरा हवा, म्हणून तळाला वीतभर भोक पाडलं. चष्मेवाल्याने त्याला गुपचूप बूच बनवलं होतं, ते जप्त झालं. पुढचं टोक रस्त्याच्या हद्दीत जात होतं. ते कापता कापता त्याने करवत खाली ठेवली, तेव्हा आईच म्हणाली, "काप बाबा. त्यांच्या मनासारखं होऊ दे, म्हणजे सोडतील."

मंजुरी मिळाली. वर 'कल्पक निवास' म्हणून गौरवही झाला. अंगणात खुर्च्या मांडल्या, काका पहिल्या रांगेत, फीत तुम्ही कापलीत. मग दोन शब्द बोलायला आईला पुढे केलं. ती कपड्यांची पिशवी भरून आली होती.

"झालं ना सगळं तुमच्या म्हणण्याप्रमाणे? आता सोडा आम्हाला. ती वाट बघत असेल."

खुर्च्या हसल्या. मग टाळ्या पडल्या. आजी किती गोड आहेत, असंही कुणीतरी म्हणालं.

आणि वाचणाऱ्यांनो, तुम्ही कुठे बघताय? बूच जप्त झालं तिथे तुम्हीही हसलात. आता 'बिचारी' म्हणून पान उलटाल. साहेबांना उत्तर द्यायला मुदत लागते, तुम्हाला तर लागत नाही ना? म्हातारी पिशवी घेऊन उभी आहे. तिने कधी निघायचं, ते तिच्या तोंडावर सांगा.