जवाईबापूंची पिवळी होडी

होडी थेट तलावावर न्यायची की आधी सासऱ्यांच्या अंगणात उतरवायची, एवढाच काय तो प्रश्न होता. कोणताही शहाणा माणूस होडी पाण्याकडे नेईल. मी मॅटॅडोरच्या ड्रायव्हरला म्हणालो, "आधी घराकडं घे." लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि सासुरवाडीत मिरवावं असं काही पहिल्यांदाच माझ्या हाती आलं होतं. ते मागच्या रस्त्यानं गुपचूप नेऊ?

मी उत्तमराव, अकोल्याला मासेमारीच्या योजना बघणाऱ्या एका कार्यालयात कारकून. म्हणजे मासे मी फायलीत पाळतो. आम्ही मूळचे भोई. माझे आजोबा भर पुरात पूर्णा पोहून जायचे म्हणतात. (मी अमरावतीत भाड्याच्या खोलीत वाढलो. आजही बादलीवर वाकून तोंड धुताना एका हातानं नळ धरून ठेवतो.) सासरे नत्थुजी मात्र पातूरजवळच्या त्यांच्या गावात मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. सोसायटीत बत्तीस घरं, तलावावर दोन डोंगे, त्यातला एक गळका.

ते शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी पॅकेजचं वर्ष होतं. कापसानं सगळ्या वऱ्हाडाची दैना केलेली, आणि जो तो सरकारी माणूस गावात येऊन एकेक जोडधंदा सुचवून जायचा. कोणाला गाय, कोणाला कोंबड्या, एकाला तर मधमाश्या. अशात आमच्या टेबलावर एक रंगीत माहितीपत्रक आलं. मासेमारीची कयाक! पिवळीजर्द, लांबुळकी, एकट्यानं वल्हवायची होडी. बसायच्या जागेमागं झाकणाची टाकी आणि टाकीत बॅटरीवरचा पंप. बारके मासे त्यात जिवंत राहतात. लागेल तसा एक काढायचा, गळाला लावायचा आणि मोठा मासा ओढायचा. मी त्यावर दीड पानाचं टिपण लिहिलं. अमरावतीहून साहेबांचं उत्तर आलं की शुक्रवारी चार वाजता चाचणी बघतो, पटली तर सोसायटीला अनुदानातून दहा होड्या, नाही पटली तर फाईल बंद. दहा होड्या! बत्तीस घरांना! माझ्या टिपणावर! त्या दिवसापासून शर्टाची वरची गुंडी लागेना झाली.

होडी आणली परतवाड्याच्या तनवीरनं. त्याचा मूळ धंदा मोटारपंपांचा, होड्यांची एजन्सी नवी. टाकीत त्यानं पंचवीस बारके मासे सोडून आणले होते. "सर, बिनधास्त राहा," तो म्हणाला, "ही होडी पलटतच नाही." होडी अंगणात ठेवून आणि पंप चालू करून तो पातूरला जुम्म्याच्या नमाजाला गेला.

अंगणात अर्धं गाव जमलं. सासूबाईंनी, म्हणजे पार्वताबाईंनी, होडीला हळदकुंकू लावलं आणि टाकीचं झाकण उघडून आत बघितलं. पंपानं पाण्यात बुडबुडे येत होते.

"अवो माय! पानी उकयून राह्यलं, अन् मासे जित्तेच!"

"मामी, हे विज्ञान आहे," मी म्हणालो, आणि ओट्यावर उभा राहून माहितीपत्रक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. बाया टाकीभोवती, बाप्ये माझ्यासमोर. पाऊण तास मी बोललो. त्या पाऊण तासात माझ्या पाठीमागं काय चाललं होतं, ते मागं वळून बघितलं असतं तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण बोलत असलो की मी मागं बघत नाही. (माझी बायको प्रणाली म्हणते, पुढंही बघत नाही.)

मग जेवायला बसलो. माशांचा रस्सा असा झाला होता की काय सांगू! तिखटजाळ, वर तेलाचा तवंग, आणि मासा तोंडात विरघळणारा. महिनाभर तलावात बोटाएवढा मासा लागत नव्हता असं मामाजी, म्हणजे सासरे, फोनवर सांगत होते, तरी माझ्यासाठी एवढे मासे कुठून तरी पैदा केले, या विचारानं मला भरून आलं. मी दोनदा रस्सा मागितला. सासूबाई कौतुकानं वाढत होत्या.

चार वाजता साहेबांची जीप तलावावर आली. मे महिना होता, पाणी आटून पार मध्यात गेलेलं. काठावर बत्तीसही घरं हजर. मामाजी हळूच म्हणाले, "जवाईबापू, होडीत मी बसू का?"

"छे छे! माहितीपत्रक मी वाचलंय."

दोघांनी धरून मला होडीत बसवलं आणि ढकललं. होडी काठापासून चार हात गेली. मी साहेबांकडे बघून हात उंचावला. काय तो क्षण! आजोबांची आठवण झाली.

"साहेब, आता बघा. जिवंत आमिष!"

आणि मागं वळून टाकीचं झाकण उघडलं.

आत पाण्याचा थेंब नव्हता. पुसून लखलखीत केलेल्या टाकीत फडक्यात बांधलेल्या सहा भाकरी होत्या, ठेच्याची वाटी, गुळाचा खडा, नारळ, आणि प्रणालीसाठी हिरवा खण.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "उत्तमराव, यातलं जिवंत कोणतं?"

"मामी!" मी ओरडलो. "मासे कुठं गेले?"

"कुठी गेले म्हंजे? तुमीच तं जेवले जी दुपारी!" काठावरून सासूबाई म्हणाल्या. "नऊ वर्षांत जवाईबापूनं पयल्यांदा घरी मासे आनले, ते बी जित्ते! मी अख्ख्या आळीत सांगतलं. अन् भांडं रिकामं वापस कसं देऊ? आमी नाई देत कोनाचं रिकामं भांडं!"

सगळा काठ हसायला लागला. साहेबांनी फाईल बंद केली. ती फाईल बंद होताना बघून मला राहवेना. साहेबांना सगळं नीट समजावून सांगावं म्हणून मी ताडकन उभा राहिलो.

न पलटणारी होडी पलटली.

"बुडालो! वाचवा! प्रणाली, पोरांना सांभाळ!" मी हातपाय मारत होतो, नाकातोंडात पाणी जात होतं, शेजारी एक म्हैस माझ्याकडे शांतपणे बघत उभी होती.

"जवाईबापू," मामाजींचा आवाज आला, "उभे राहा."

मी उभा राहिलो. पाणी गुडघ्यापर्यंत होतं.

मामाजींनी होडी सरळ केली आणि तरंगणारी भाकरीची पुरचुंडी उचलली. होडीत बसून ते डोंगे जात नाहीत अशा खोल पाण्यात गेले. ओल्या भाकरीच्या गोळ्या वळल्या, गळाला लावल्या. दहा मिनिटांत दोरीला असा हिसका बसला की होडी अर्धी फिरली. चार किलोचा रोहू! टाकीत पाणी भरून त्यांनी तो आत सोडला, पंप चालू केला आणि काठाला आले.

"सायेब, आमच्या तलावातला रोहू भाकर खाते, त्याले जित्तं काई नाई लागत," ते म्हणाले. "पन धरलेला मासा या टाकीत जित्ता ठेवून बजारात नेता येते. होडी लय कामाची हाये. आमच्या जवायानं आनली."

आमच्या जवायानं! ओल्या कपड्यात माझी छाती पुन्हा फुगली. साहेबांनी फाईल उघडली आणि तिथंच जीपच्या बॉनेटवर ठेवून सही केली.

पावसाळ्यानंतर दहा होड्या आल्या. सोसायटीनं त्यांच्यावर नावं रंगवलीत असं कळलं, म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून, कॅमेरा घेऊन गेलो. पहिल्या होडीवर नाव होतं 'पार्वताबाई'. पुढच्या नऊही मी फिरून फिरून बघितल्या. माझं नाव कुठंच नाही.

"बाहेरून कावून पाहून राहिले?" प्रणाली म्हणाली. "तुमचं आतमंदी हाये."

वाकून बघितलं. बसायच्या जागेसमोर, ठळक लाल अक्षरांत: 'होडीत उभे राहू नये. – उत्तमराव.'

दहाही होड्यांत आहे. सासूबाईंचं नाव फक्त एकीवर.