राहुकाळात कूलर वर्ज्य

विजेचे दर घड्याळाप्रमाणे बदलणार, असं परिपत्रक सेलूत आलं, तेव्हा ते शेवटपर्यंत वाचणारा गल्लीत एकच माणूस निघाला. आमचे शेजारी व्यंकटराव जोशी, व्यवसायानं पुरोहित. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वीज स्वस्त, पाच ते दहा महाग.

"अहो, हा तर सरळ सरळ राहुकाळ!" व्यंकटराव म्हणाले आणि त्यांनी लोकहितार्थ तक्ता छापला. पाणी चढवण्यास दुपार शुभ, इस्त्रीस सकाळ मध्यम, संध्याकाळी कूलर वर्ज्य.

तक्ता घरोघरी देव्हाऱ्याशेजारी लागला. समोरच्या कस्तुराबाईंनी तर संध्याकाळी आलेल्या जावयाला अंधारातच पाट दिला. "दहा वाजू द्या जावईबापू, मग तोंड बघते तुमचं."

अशात व्यंकटरावांच्या एकुलत्या एका लेकीचं, ईश्वरीचं लग्न ठरलं. मुहूर्त त्यांनी मनासारखा काढला होता, संध्याकाळी सहा एक्कावन्न, गोरज. त्यांचं स्वतःचं लग्नही गोरजावरच लागलेलं. गंगाखेडहून व्याही दत्तराव आले, पत्रिका वाचली आणि खिशातून तोच तक्ता काढला.

"जोशीबुवा, ही वेळ तर तुमीच वर्ज्य लिहिली की!"

"अहो, ते कूलरसाठी."

"मग मांडवात बारा कूलर हायेत, ते काय हवेवर चालणार?"

व्यंकटरावांचा चेहरा एवढासा झाला. लग्न भर मे महिन्यात, दुपारी साडेबाराला ठरलं.

त्या दिवशी साडेबाराला सगळ्या सेलूनं शुभ वेळ साधली. पिठाच्या गिरण्या, पाण्याच्या मोटारी, कपडे धुण्याची यंत्रं, शिवाय आणखी तीन लग्नं. अंतरपाट धरला आणि कोपऱ्यावरची विजेची डीपी धाडकन उडाली. वऱ्हाडानं फटाके समजून टाळ्या वाजवल्या. मग कूलर थांबले.

"उरका आता तसंच," मी म्हणालो.

"माइक न्हाई, शूटिंग न्हाई, पडद्यावर नवरी दिसंना! लाईट येऊ द्या," घामाघूम दत्तराव ओरडले.

वायरमन योगीराज खांबावरूनच म्हणाला, "सगळं गाव एकदम स्वस्तात घुसल्यावर दुसरं काय होणार? दुरुस्तीला संध्याकाळ व्हईल बघा."

दुपारचा मुहूर्त टळला. व्यंकटरावांनी अत्यंत गंभीर चेहऱ्यानं पंचांग उघडलं. "पुढचा शुद्ध मुहूर्त... सहा एक्कावन्न."

ईश्वरी मुंडावळ्यांआडून खुदकन हसली. पावणेसातला लाईट आली. महागातल्या महाग विजेत, बाराच्या बारा कूलर लावून गोरजावर लग्न लागलं. व्यंकटराव आनंदानं रडले, आणि खरं सांगतो, मीही रडलो.

आठवड्यानं नवं परिपत्रक आलं. दुपारी भार वाढल्यामुळं आता दुपार महाग, संध्याकाळ स्वस्त. नव्या तक्त्यासाठी जोशीबुवांच्या दारात रांग लागली आणि तिच्यात पहिला मी होतो. तुम्ही खुशाल हसा पंख्याखाली बसून. फक्त किती वाजलेत, तेवढं बघून घ्या.