ठसक्याची साक्ष

प्रतिक्षाने लसणाच्या पातळ चकत्या तेलात सोडल्या, तेव्हा तिचा एक डोळा कढईवर होता आणि दुसरा मोबाइलवर. मोबाइलमधली बाई कुरकुरीत लसूण, शेंगदाणे, तीळ आणि जाडसर कुटलेली मिरची घालून लालभडक तेल करून दाखवत होती. नांदेडच्या एका हॉटेलात प्रतिक्षाने ते चाखलं होतं आणि तेव्हापासून तिला घरचं जेवण पानात असून नसल्यासारखं वाटत होतं.

"लसूण, मिरची न् तेल म्हंजे चटणीच की! त्यात काय नवं?" असं तिच्या सासूबाईंनी, नर्मदाबाईंनी, आधीच जाहीर केलं होतं. एरवी त्यांनी कढईच उचलून ठेवली असती. पण आज त्यांचं घरात लक्ष नव्हतं. आज त्यांच्या अब्रूचा निकाल लागायचा होता.

झालं होतं असं, की समोरच्या भिकाबाईंचा नातू रुद्र अंगणात रांगत असताना नर्मदाबाई कौतुकाने म्हणाल्या, "काय गुटगुटीत लेकरू हाये!" त्या संध्याकाळपासून पोराने जी रड धरली, ती काही केल्या थांबेना. "नर्मदाबाईचीच नजर!" भिकाबाईंनी गल्लीभर केलं. मग नर्मदाबाई दिसल्या की बायका आपापल्या लेकरांवर पदर ओढू लागल्या. शेजारच्या बारशाचं आवतणही त्यांना वगळून गेलं. जिच्या हातची गुटी पिऊन कुरुंदा गावातली ती निम्मी गल्ली वाढली, त्या बाईला हे फार लागलं होतं.

आज दिवेलागणीला भिकाबाई सगळ्यांसमोर रुद्रवरून मिरच्या ओवाळून शेगडीत टाकणार होत्या. ठसका उठला, तर नजर नव्हतीच. मिरच्या मुकाट जळून गेल्या, तर नजर जबरदस्त. आणि ती कुणाची, हे काय वेगळं सांगायचं?

"टाकू दे तिला मिरच्या!" दारातल्या ओट्यावर ताठ बसून नर्मदाबाई म्हणाल्या. पदराचं टोक मात्र त्या बोटाला गुंडाळत होत्या.

प्रतिक्षाला राहवेना. ती कढई सोडून खिडकीशी गेली. समोर अंगणात शेगडी, भोवती बायकांचा घोळका, मधे रडून लाल झालेला रुद्र. भिकाबाई मिरच्या आणायला उठल्या, पण डब्याकडे न जाता रांजणामागे गेल्या. घोळक्याकडे पाठ करून त्यांनी तिथल्या मूठभर मिरच्या उचलल्या. त्यांतून चक्क पाणी ठिबकत होतं. भिकाबाईंनी त्या हळूच पदराला पुसल्या.

"आगं बाई! भिजवून ठेवल्या की!" प्रतिक्षा पुटपुटली. ओरडून सांगावं तर सून सासूची बाजू घेते म्हणतील, न सांगावं तर सासू जन्माची बदनाम. ती तिथेच घुटमळली, आणि मागून करपल्याचा वास आला.

कढईतून धुराचे लोट निघत होते आणि लसणाचा कोळसा झाला होता. तिने सांडशीने कढई उचलली आणि मोबाइलमधल्या बाईचं "तेल जरा निवू द्या" पार विसरून ते उकळतं तेल मिरचीच्या पातेल्यात ओतलं. फस्सकन आवाज झाला. धूर उठला, खिडकीतून बाहेर पडला आणि वाऱ्यावर स्वार होऊन थेट भिकाबाईंच्या अंगणात शिरला. नेमक्या त्याच क्षणी भिकाबाईंनी मिरच्या शेगडीत टाकल्या.

पहिल्यांदा भिकाबाईच खोकल्या. मग त्यांची सून निलम, मग सगळा घोळका. कुणी पदर नाकाला लावला, कुणी भिंतीला टेकून वाकलं. रुद्र दोनदा शिंकला, खोकणाऱ्या बायकांकडे टकामका बघत राहिला आणि खुदकन हसला.

"हसलं! लेकरू हसलं!"

"ठसका बी काय उठला बाई! नजर न्हाईच ही!"

नर्मदाबाई तिरासारख्या स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी काळं पातेलं पाहिलं, उघडी खिडकी पाहिली, सुनेकडे पाहिलं.

"आत्याबाई, सगळं जळालं वो," प्रतिक्षा रडवेली होऊन म्हणाली.

"खिडकी लाव," नर्मदाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "आन् खोकत बाहेर ये."

खोकायला प्रतिक्षाला सोंग करावं लागलं नाही. नर्मदाबाईंनी तिला हाताला धरून भर गल्लीत उभं केलं. "भिकाबाई, मिरच्या म्हणायच्या का बारूद? माझी सून बेजार होऊन राहिली!"

भिकाबाईंनी शेगडीत वाकून पाहिलं. भिजलेल्या मिरच्यांचा ठसका उठत नाही, हे त्यांच्याइतकं बरोबर कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ते बोलायचं कसं?

"चुकलं माझं, नर्मदाबाई," त्या म्हणाल्या आणि रुद्रला त्यांच्या कडेवर दिलं. नर्मदाबाईंनी सगळ्यांदेखत त्याचा मुका घेतला आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. त्यांचे डोळे भरून आले होते. तो काही मिरचीचा परिणाम नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्मदाबाई स्वतः लसूण सोलायला बसल्या. या खेपेला तेल निवेपर्यंत त्यांनी सुनेला खिडकीकडे फिरकूही दिलं नाही. तेल असं फक्कड जमलं की भाकरीवर घालून पहिला घास त्यांनीच घेतला. "चटणी न्हाई ही," त्यांनी कबूल केलं. "हिची जातच येगळी."

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. पलीकडच्या गल्लीतली मिना होती. तिने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला.

"काकू, आमच्या शेजारणीची म्हैस आटली. माझ्यावर आळ घेऊन राहिली ती. आज संध्याकाळी मिरच्या उतरवणार हाये." ती प्रतिक्षाकडे वळली. "ताई, काल तुमच्या खिडकीतला धूर म्या पाह्यला. तेवढं तेल आमच्याकडं येऊन करसाल का? कालच्यासारखंच करपवा."