मुंगवड्या आणि वाऱ्याची गाडी

"आई, ब्लेंडर नको ना आत्ता! लोक झोपलेत."

"लोक केव्हाचे उठून बाहेर कॉफी पिऊन राहिले. झोपला फक्त तू आहेस," असं म्हणून गिरजाबाईंनी बटण दाबलं आणि भाड्याचं मोटरहोम चाकांपासून टपापर्यंत थरथरलं.

मुगाची डाळ वाटली जात होती. ओहायोतल्या डब्लिनहून बायको, मुलगी आणि आई यांना घेऊन बुद्धभूषण अर्धी अमेरिका तुडवत नेवाडाच्या या वाळवंटात आला होता, तो काही डाळ वाटायला नव्हे. तो आला होता टपावर बांधून आणलेली आपली वाऱ्याची गाडी चालवायला. तीन चाकं, जमिनीला टेकेल इतकी खाली एक सीट, मध्ये उंच डोलकाठी आणि तिच्यावर शीड. इंजिन नाही, ब्रेक नाही. भूषणनं ती गॅरेजमध्ये वर्षभर खपून बनवली होती. माणूस सॉफ्टवेअरमधला, त्यामुळे थिअरी तोंडपाठ. प्रॅक्टिकल तेवढं राहिलं होतं. डब्लिनच्या मॉलच्या पार्किंगमध्ये एकदा गाडी नेली, तर वारा येईना. आणि वारा आला तेव्हा सोबत सिक्युरिटीवालाही आला.

आता मात्र जागा सापडली होती. कधीकाळी तळं असलेली, उन्हानं भाजून टणक झालेली मातीची तळपट्टी, नजर जाईल तिथवर सपाट. वर्षातून एकदा इथं असल्या गाड्यांचे शौकीन जमायचे आणि शर्यती लावायचे. नवशिक्यांची शर्यत आज होती.

गिरजाबाईंनी काल संध्याकाळी गाडीतून पाय खाली ठेवला, जमिनीवर तळहात टेकवला, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाप्पा! एवढी मोठी गच्ची, अन् त्यावर कोणी काही वाळतच घातलं नाही!"

त्यांचंही बरोबरच होतं. डब्लिनला आल्यापासून त्यांना धड ऊन दिसलं नव्हतं. एकदा दिसलं तेव्हा त्यांनी बाल्कनीत पापड घातले, तर अपार्टमेंटच्या मॅनेजरनं दारावर नोटीस लावली. आणि इथं तर अस्सल नागपूरचा मे महिना मोकाट पडला होता.

पण गिरजाबाईंचं खरं दुखणं ऊन नव्हतं. नागपूरच्या इस्पितळात त्या मेट्रन होत्या. ड्युटीवर जायला, भाजीला, विहारात वंदनेला, पोरांच्या ॲडमिशनला, सगळीकडे त्या स्वतःच्या लूनावर गेल्या. कुणाला कधी "मला सोड रे" म्हणाल्या नाहीत. आणि इथं मुलाच्या घराबाहेर फुटपाथसुद्धा नव्हता. कोथिंबिरीची एक जुडी हवी असली तरी शनिवारची वाट पाहायची. हातपाय धडधाकट असून त्या पार्सलासारख्या इथून तिथं पोचवल्या जात होत्या, आणि याचा त्यांना फार राग यायचा. पुढच्या महिन्यात परतीचं तिकीट होतं. त्याआधी एकदा तरी या देशात आपल्या हातानं काहीतरी चालवायचं आणि आपणहून कुठंतरी जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

रविवारच्या रिकाम्या पार्किंगमध्ये त्यांनी मुलाला म्हणून पाहिलं होतं, "तुझ्या मोटारीची एक चक्कर मारू दे ना रे."

"आई, इन्शुरन्स!"

काल भूषण गाडी जोडत होता तेव्हा पुन्हा विचारलं. "याला तर इंजिनच नाही. मग इन्शुरन्स कशाचा?"

"तुझ्या हाडांचा! इथं हाड मोडलं तर घर विकावं लागतं, आई. तू फक्त बघ."

तेव्हा गिरजाबाई फक्त बघत होत्या. पण इस्पितळात डॉक्टरांच्या मागे राउंड घेऊन घेऊन त्यांना एक सवय लागली होती: आपल्याशी कुणी बोलत नसलं तरी ऐकून ठेवायचं. भूषण आपल्या लेकीला, इशिताला, समजावत होता, "ही दोरी ओढली की शीड ताणलं जातं, गाडी पळते. दोरी सोडली की थांबते. आणि वारा पाठीशी असला तरी सरळ नाही जायचं. तिरकं, तिरकं जायचं." इशिता "ओके डॅड" म्हणून मुंग्या शोधायला गेली. ऐकलं ते आजीनं.

तर डाळ वाटून झाली. अमेरिकन ब्लेंडर पाण्याशिवाय हलेना, म्हणून पीठ जरा सैल झालं, पण चाललं. गिरजाबाईंनी साडीखाली स्पोर्ट्स शूज चढवले, पांढरी चादर काखेत मारली आणि त्या एकट्याच चालत तळपट्टीवर निघाल्या. अर्धा मैल गेल्यावर त्यांना स्वच्छ, बिनधुळीची जागा मिळाली. चादर अंथरून त्यांनी सुरेख ओळीत मुंगवड्या घातल्या. आता कोपऱ्यांवर वजन काय ठेवायचं? या जमिनीवर औषधालासुद्धा दगड नव्हता. पण रस्त्याच्या कामाला ठेवतात तसला एक भला जाड नारिंगी शंकू जवळच उभा होता. लांब आणखी एक दिसला. त्याच्याही पलीकडे तिसरा.

"कोणी विसरून गेलं वाटते," असं पुटपुटत त्यांनी दमादमानं तिन्ही गोळा केले. पीठ ज्यातून आणलं होतं तो कुकर चौथ्या कोपऱ्यावर ठेवला. परत येऊन त्यांनी सुनेला समाधानानं सांगितलं, "संध्याकाळपर्यंत कडक होतात पाहा."

दुपारी वारा उठला आणि अनुभवी लोकांची शर्यत सुटली. शर्यतीचा म्होरक्या होता हार्लन नावाचा एक उंच म्हातारा. दुर्बिणीतून पाहता पाहता त्याचा चेहरा वांग्यासारखा झाला. त्याच्या शर्यतीत तीन खुणा होत्या आणि गाड्यांनी त्यांना वळसे घालून यायचं होतं. खुणा तिन्ही होत्या, पण एकाच ठिकाणी. सरळमार्गी अमेरिकन माणसं! खूण दिसली की वळसा घालायचा एवढंच त्यांना ठाऊक. गुळावर माशा घोंघावाव्यात तशा आठ-दहा गाड्या एका पांढऱ्या चादरीभोवती गरागरा फिरू लागल्या.

"हू मूव्ह्ड माय मार्क्स?" हार्लन गरजला.

नवशिक्यांच्या रांगेत भूषण आपल्या गाडीत हेल्मेट घालून, दोरी धरून बसला होता. गिरजाबाई पदर खोचून त्याच्याकडे धावत आल्या.

"भूषण! अरे ते लोक माझ्या वड्यांवर धूळ उडवून राहिले! सांग ना त्यांना!"

"कसल्या वड्या? कुठं?"

गिरजाबाईंनी बोट दाखवलं. भूषणनं पाहिलं. पांढरी चादर, तीन नारिंगी शंकू आणि उन्हात चमकणारा कुकर. एवढ्या मोठ्या नेवाडात कुकर कुणाचा असेल हे कुणालाही विचारण्याची गरज नव्हती.

"आई!" त्याला दरदरून घाम फुटला. "ते रेसचे मार्क्स आहेत! आता मला डिस्क्वालिफाय करतील." तो ताडकन उठला, आणि तेवढ्यात त्याची गाडी आपली आपण पुढे सरकली. गाडी सोडून जाताना ती आडवी पाडून ठेवायची असते, हे थिअरीत होतं. पण घाबरलेल्या माणसाला थिअरी आठवत नाही. त्याला आठवली ती आई.

"आई, तू बस इथं. फक्त वजन म्हणून. ही दोरी हातात धर, ओढू नको. मी पाच मिनिटांत चुपचाप शंकू जागेवर ठेवून येतो."

"अन् इन्शुरन्स?"

"आई, आत्ता नको ना!"

हेल्मेट आईच्या हाती कोंबून भूषण पळाला. गिरजाबाई बसल्या. हेल्मेट ठेवायला कुठं जागा नव्हती, म्हणून ते त्यांनी डोक्यात घातलं. साडी गुडघ्यांखाली घट्ट आवळून घेतली आणि मुलाकडे पाहत राहिल्या.

भूषण चादरीपाशी पोचला. त्यानं एक शंकू उचलला, दुसरा उचलला. या पोरानं जन्मात कधी वाळवणाची राखण केलेली नव्हती, त्यामुळे तिसरा उचलताना वारा कुठून आहे हेही त्यानं पाहिलं नाही. चादर फटकन फुगली. कुकर घरंगळला. मुंगवड्या गारांसारख्या भूषणच्या अंगावर तडतडल्या आणि चादर कोलांट्या घेत तळपट्टीवरून पळत सुटली.

"अरे मेल्या, माझी चादर!" गिरजाबाई किंचाळल्या आणि रागानं त्यांची मूठ आवळली गेली. मुठीत दोरी होती.

शीड कडाडून ताणलं गेलं. गाडीनं असा हिसडा दिला की गिरजाबाईंची पाठ सीटला चिकटली. जमीन बुडाखालून वीतभर अंतरावरून सपासप पळू लागली. पुढे पाय ठेवायला एक आडवी दांडी होती. डावा पाय दाबला की गाडी उजवीकडे वळायची. जन्मभर वॉर्डबॉय सांभाळलेल्या बाईला यात काही नवल वाटलं नाही.

पहिल्यांदा त्यांनी डोळे मिटले. मग उघडले. चादर पुढे पळत होती, वारा पाठीशी होता. 'तिरकं, तिरकं,' त्यांना आठवलं. सीताबर्डीच्या बाजारातून लूना कधी सरळ गेली होती का? त्यांनी गाडी तिरकी घातली आणि ती आणखी जोरात सुटली. चादरीभोवती फिरणारे अमेरिकन बाजूला होऊन आ वासून पाहत राहिले. त्यांच्यामधून एक हिरवी साडी शिट्टीसारखा आवाज करत निघून गेली.

"उपासना! आई! आई गेली!" भूषण शंकू टाकून ओरडला.

"कुठं गेल्या?" त्याची बायको उपासना व्हिडिओ कॅमेरा घेऊन मोटरहोमच्या दारात उभी होती.

"आज्जी इज विनिंग!" इशिता टाळ्या पिटत म्हणाली.

भूषण मोटरहोमपर्यंत धावला, त्यानं सगळ्यांना आत कोंबलं आणि तो आईच्या मागे निघाला. पलीकडची जमीन जरा काळपट होती. तिथं वरून कडक दिसतं, पण खाली चिखल असतो, म्हणून कुणी जायचं नाही, असं हार्लननं काल प्रत्येकाला बजावलं होतं. भूषणनं तर ते लिहूनही घेतलं होतं. मोटरहोम नेमकं तिथंच शिरलं, साबुदाण्याच्या खिचडीत चमचा बुडावा तसं मागच्या चाकांवर बसलं आणि गप्प झालं.

इकडे तळपट्टी संपत आली होती. काठावरच्या एका झुडपात चादर अडकली. गिरजाबाईंनी दोरी सैल सोडली. शीड फडफडलं, गाडी हळूहळू मंदावली आणि झुडपापाशी अगदी शहाण्यासारखी थांबली.

गिरजाबाई उतरल्या. चादर सोडवून त्यांनी झटकली. तिच्यावर वडी एकच उरली होती. त्यांनी ती तोंडात टाकली, मीठ कमी पडलंय अशी मान हलवली आणि चादरीची नीट घडी घातली. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. सगळी माणसं तिकडे तिळाएवढी झाली होती. इथं कुणी नव्हतं. कुणी सोडलं नव्हतं, कुणी न्यायला येणार म्हणून वाट पाहायची नव्हती. आपण आलो. त्यांना इतकं बरं वाटलं की त्या एकट्याच मोठ्यानं हसल्या आणि हेल्मेटच्या आत हात घालून डोळे पुसले.

गाडी हलकीच होती. तोंड फिरवून त्यांनी चादर सीटखाली दाबली, बसल्या आणि दोरी ओढली. आता वारा समोरून. परत तिरकं, एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला. दोन वळणं चुकली, तिसरं जमलं, चौथ्याला तर एक चाक उचललं गेलं आणि त्या लहान पोरीसारख्या ओरडल्या.

शर्यतीच्या अंतिम रेषेवर हार्लन उभा होता. त्याच्या खुणा गेल्या होत्या, शर्यत बुडाली होती, आणि जी बाई यायला नको ती वाऱ्याला कापत येत होती. त्यानं काय करावं? त्यानं टोपी काढली आणि निशाण खाली केलं. रांगेतले लोक हॉर्न वाजवू लागले. गिरजाबाईंनी ती रेषा ओलांडली, ऐटीत वळसा घेतला आणि त्या रुतलेल्या मोटरहोमकडे निघाल्या.

भूषण पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभा होता. केसांत मुगाचं पीठ वाळलं होतं. आई टणक जमिनीच्या कडेकडेनं येताना दिसली तशी त्यानं दोन्ही हात उंचावले.

"आई! दोरी सोड! दोरी सोडली की थांबते!"

"काय करू रे भूषण!" वाऱ्यावर आवाज आला. "थांबतच नाही बाप्पा!"

"ऐकत का नाहीये ती? उपासना, तू सांग ना यार!"

उपासनाच्या डोळ्याला कॅमेरा होता. लांबचं जवळ आणायचं बटण तिला मघाशीच सापडलं होतं. झुडपापाशी सासूबाईंनी गाडी कशी थांबवली, चादरीची घडी कशी घातली, हे सगळं तिच्या टेपवर आलं होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग समोरून येणाऱ्या हिरव्या साडीकडे पाहिलं.

"थांबतच नसेल हो," ती म्हणाली. "नवीन आहेत ना त्या."

गिरजाबाईंनी जाता जाता लेकाला हात केला आणि दोरी आणखी हातभर आत ओढली.