ही बाजू वर

डायपरसारखं धक्के सोसणारं पॅकिंग जगात दुसरं नाही, असं तिने प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं. सांगणारी भौतिकशास्त्रज्ञ, शिवाय दहा महिन्यांच्या मुलीची आई. म्हणजे दोन्हीकडून अधिकारवाणी! सर खास पेटी मागव म्हणत होते, पण ऐकते कोण?

स्फटिक मसुराच्या दाण्याएवढा होता. अकरा महिने भट्टीत जिवापाड जपून वाढवलेला. लेक ठकीपेक्षा महिन्याने मोठा, म्हणजे तिचं थोरलं अपत्यच. विमानाने दोन तासांवर क्ष-किरणांचं एक अवाढव्य यंत्र होतं आणि तिथे तिला तीन दिवस मिळाले होते. हुकले तर नंबर थेट पुढच्या वर्षी. तिने स्फटिक डबीत ठेवला, डबीला धक्क्यांची नोंद करणारं काडेपेटीएवढं यंत्र चिकटवलं, भोवती तीन डायपर गुंडाळले आणि सगळ्यात वरच्या डायपरवर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘नाजूक वस्तू. ही बाजू वर.’

ठकीला सांभाळायला सासूबाई बरोबर होत्या. निघताना त्यांनी स्वतः विणलेली लोकरीची टोपी पुढे केली. टोपी कसली, चिलखतच ते. “आई, एवढ्या जाड टोपीत तिला घाम येईल,” म्हणत तिने ती ठकीच्या बॅगेत, स्फटिकाच्या पुडक्याखाली, तळाशी दडपली. सासूबाईंनी फक्त बॅगेकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्यातलं मात्र सुनेला सगळं ऐकू आलं.

विमान चार तास उशिरा सुटलं. नेमकं तेव्हाच ठकीचं पोट बिघडलं. आदल्या रात्रीपासून जागी असलेली ही बाई विमानातल्या खुर्चीत टेकली आणि जी झोपली, ती विमानाची चाकं जमिनीला लागल्यावरच उठली.

मुक्कामी पोचल्यावर सासूबाई आंघोळीला गेल्या आणि ठकी फरशीवर रांगत सुटली. लेकीकडे मागून कौतुकाने बघता बघता आईची नजर जागीच थिजली. ठकीच्या बुडावर सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं, ‘नाजूक वस्तू. ही बाजू वर.’

बाजू खरंच वर होती.

डायपर इथे, मग डबी कुठे? विमानाच्या कचऱ्यात? तिने न्हाणीघराचं दार बडवलं. आतून नळाच्या आवाजावर मात करत उत्तर आलं, की बाई गं, अंगाला साबण आहे, जरा दम धर. दम धरणं तिच्या कुंडलीतच नव्हतं. तिने बॅग डोक्यापर्यंत उचलली आणि उलटी केली. दुपटी, बाटल्या, खुळखुळा, टोपी, सगळा बाजार फरशीवर! टोपी तर धप्पकन आपटून पलंगाखाली गेली. लोकरीची टोपी धप्पकन आपटत नाही, एवढं साधं भौतिकशास्त्र तिला त्या क्षणी आठवलं नाही. डबी नाही म्हणून ती पसाऱ्यातच बसली आणि मनातल्या मनात सरांना राजीनामा लिहू लागली.

मजकूर ‘कळविण्यास खेद होतो’पर्यंत आला होता, तोच सासूबाई केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आल्या.

“अगं, डायपर संपले म्हणून तुझे ते तीन घेतले. डबी टोपीत ठेवलीय. जाड आहे ना ती.”

ती पलंगाखाली शिरली. खेळ समजून ठकीही मागोमाग. डबी उघडली. स्फटिक जसाच्या तसा, साधा ओरखडाही नाही. तिने तिथेच, धुळीत, ठकीचे दहा-बारा मुके घेतले. छातीवरची धोंड उतरल्यावर माणूस इतकं हलकं होतं, की पलंगाखालून बाहेर यावंसंही वाटत नाही.

मग तिने धक्के नोंदवणारं ते यंत्र लॅपटॉपला जोडलं आणि पडद्यावर आलेख उमटला. उड्डाणाच्या वेळी बारीक थरथर, उतरताना मुंगीच्या वारुळाएवढा उंचवटा. आणि शेवटी, पाच वाजून बारा मिनिटांनी, आभाळाला भिडलेला डोंगर.

सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं.

“हा विमान उतरतानाचा का गं?”

“हो... तसंच काहीतरी.”

“असं होय,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “पाच बाराला मी आंघोळ करत होते.”

सरांना पाठवलेल्या अहवालात पॅकिंगच्या रकान्यात तिने ‘लोकर, हाताने विणलेली’ एवढंच लिहिलं. परतताना टोपी ठकीच्या डोक्यावर होती. घाम आला थोडासा. तो तिच्या आईने गुपचूप पुसला.