व्यायाम समन्वयकाचा रक्तदाब

माणसाचा रक्तदाब वाढला तर त्याने तो खाली आणावा, अशी वैद्यकशास्त्राची साधी अपेक्षा असते. आवकरावांनी ती पूर्ण केली आणि तिथूनच त्यांचे हाल सुरू झाले.

आवकराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. कार्यालयात येणाऱ्या टपालावर एक शिक्का मारायचा आणि जाणाऱ्या टपालावर दुसरा, हे आवक-जावकेचं काम त्यांनी उभी हयात एकाच खुर्चीत बसून केलं होतं. त्या कार्यालयात टपाल यायचं ढीगभर आणि बाहेर पडायचं क्वचितच, त्यामुळे जावकराव हे नाव मागे पडलं.

डॉक्टरबाईंनी त्यांचा रक्तदाब दोनदा मोजला, रक्ताचा अहवाल वाचला आणि विचारलं, "काम काय करता?"

"आवक-जावक."

"मग तुम्हाला लवकर कळेल. तुमच्या शरीरात आवक जोरात आहे, जावक बंद पडली आहे. रक्तदाब वाढलाय. साखर अजून उंबरठ्यावर उभी आहे. तिला आत घ्यायचं की वाटेला लावायचं, ते तुम्ही ठरवा. गोळी देते, ती चुकवायची नाही. मीठ कमी. रोज अर्धा तास भरभर चाला, आणि जमेल तिथे जिना चढा."

"आणि?"

"आणि काही नाही."

आवकराव खट्टू झाले. ज्या इलाजाला अर्ज लागत नाही, मंजुरी लागत नाही, वरिष्ठांची सही लागत नाही, तो गुण कसा देणार, हे त्यांना कळेना.

पण मनात धास्ती होती. त्यांच्या थोरल्या भावाचा रक्तदाब असाच मुकाट्याने वाढला होता. "मला काय धाड भरलीय?" म्हणणारे दादा एका सकाळी दाढी करता करता आरशासमोर कोसळले आणि त्यांचं उजवं अंग गेलं. आता वहिनी त्यांना चमच्याने भरवायच्या आणि ओठाच्या कोपऱ्यातून ओघळलेलं पदराने टिपायच्या. रविवारी आवकराव भेटायला गेले की दादा डावा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवून काहीतरी बोलायचे. ते काय, हे फक्त वहिनींना कळायचं. या रविवारी आवकरावांनी डॉक्टरबाईंचं म्हणणं सांगितलं. दादांनी बराच वेळ खटपट करून दोन शब्द काढले. आवकरावांनी वहिनींकडे पाहिलं.

"म्हणताहेत, ऊठ, चाल," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवकराव उठले आणि चालू लागले. पहिले काही दिवस गल्लीतली कुत्री त्यांच्या मागे लागली, पुढे कुत्र्यांनीही त्यांची नोंद करून घेतली. कार्यालय चौथ्या मजल्यावर होतं. वर जाणारा जिना अडगळीच्या खोलीमागे होता आणि तिथे जिना आहे हे नवीन लोकांना ठाऊकही नव्हतं. आवकराव सुरुवातीला प्रत्येक वळणावर कठड्याला धरून धापा टाकायचे. तिसऱ्या वळणावर एक खिडकी होती. तिच्यातून शाळेचं मैदान दिसायचं, मुलं विनाकारण पळताना दिसायची. दम घ्यायला थांबलेले आवकराव हळूहळू मुलं बघायला थांबू लागले. त्यांना झोप लागू लागली. पँटचा पट्टा एक भोक आत सरकला. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही हल्ली चिडत नाही. बरं वाटत नाहीये का?"

डॉक्टरबाईंनी पुन्हा तपासलं. रक्तदाब उतरला होता आणि साखर उंबरठ्यावरून एक पायरी खाली गेली होती. "असंच चालू ठेवा," त्या म्हणाल्या.

आवकरावांनी चालू ठेवलंही असतं. पण एका सकाळी कार्यालयाची लिफ्ट बंद पडली.

साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे कर्मचारी तळमजल्यावर उभे राहून दुरुस्तीची वाट पाहत राहिले. दुपारी लिफ्ट सुरू झाली. मंडळी वर येऊन बघतात तर आवकराव खुर्चीत बसून शांतपणे शिक्के मारताहेत. चार दिवसांनी त्यांच्या हातात पत्र पडलं: 'लिफ्ट बंद असताना आपण चौथ्या मजल्यावर कोणत्या मार्गाने व कोणाच्या परवानगीने पोहोचलात, याचा लेखी खुलासा करावा.' पत्रावर आवकेचा शिक्का त्यांनी स्वतःच मारला.

सुरक्षा अधिकाऱ्यांनी त्यांना समोर बसवलं. "जिना हा आपत्कालीन मार्ग आहे. तुम्ही तो रोज वापरता म्हणे. आपत्ती कोणती?"

"रक्तदाब."

"ती तुमची खासगी आपत्ती झाली. जिना सरकारी आहे."

"पण लिफ्ट बंद होती, साहेब."

"लिफ्ट बंद असणं ही गैरसोय आहे. आपत्ती म्हणजे आग वगैरे. त्या दिवशी आग लागली होती का?"

"नाही."

"मग झालं तर," सुरक्षा अधिकारी म्हणाले. आग न लागल्याची जबाबदारी आता आवकरावांवर येते की काय, असा त्यांचा चेहरा होता.

प्रकरण साहेबांकडे गेलं. साहेब मोठे चतुर गृहस्थ होते. कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीसाठी काहीतरी करा, असा आदेश मुख्य कार्यालयाकडून केव्हाच येऊन पडला होता आणि काय करावं, हे त्यांना सुचत नव्हतं. त्यांनी आवकरावांना आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला.

"तुम्ही व्यायाम करून रक्तदाब उतरवलात?"

"हो, साहेब. गोळी आणि व्यायाम, दोन्ही."

"कुणाच्या मार्गदर्शनाखाली?"

"डॉक्टरबाईंच्या. आणि आमचे दादा म्हणाले."

"यापुढे कार्यालयाच्या मार्गदर्शनाखाली करायचा," साहेब म्हणाले. "आजपासून तुम्ही आपल्या व्यायाम मोहिमेचे समन्वयक."

आवकराव घरी आले ते तरंगतच. बायकोने विचारलं, "म्हणजे करायचं काय?"

"सगळ्यांना चालायला लावायचं."

"आणि तुम्ही?"

या प्रश्नाचं उत्तर आवकरावांना मिळायला थोडा अवधी लागला. मोहिमेच्या बैठका कार्यालयीन वेळेत घेतल्या तर कामाचा खोळंबा होईल, म्हणून त्या सकाळी घ्यायच्या ठरल्या. आवकरावांची चालण्याची वेळ तीच. पहिल्या बैठकीत चालणे म्हणजे काय, याची व्याख्या करण्यासाठी एक उपसमिती नेमली. उपसमितीला असा प्रश्न पडला की जागेवरून उठून कपाटापर्यंत गेलेला माणूस चालला असं म्हणायचं, की तो कामानिमित्त हलला? त्यावर इतका खल झाला की कपाटापर्यंत जायला कुणाला सवडच राहिली नाही. प्रत्येक बैठकीत गोड चहा आणि क्रीमची बिस्किटं यायची. समन्वयकाने बशी सरकवली तर मोहिमेवर त्याचाच विश्वास नाही असा अर्थ निघेल, असं लेखापाल म्हणाले. आवकराव बिस्किटं खाऊ लागले.

तोवर जिना बंद झाला. जिन्याच्या भिंतींवर 'लिफ्ट टाळा, जिना वापरा' असे फलक लावायचे होते आणि त्या कामासाठी खाली मोठं कुलूप ठोकण्यात आलं. आवकराव लिफ्टने ये-जा करू लागले. लिफ्टमध्ये शाळेच्या मैदानाची खिडकी नव्हती. आरसा होता आणि त्यात दिवसेंदिवस फुगत चाललेला एक समन्वयक दिसायचा.

पट्ट्याने सरकलेलं भोक परत घेतलं, वर आणखी एक मागितलं. सकाळी डोकं जड असायचं. एकदा जिना चढायला मिळावा म्हणून आवकरावांनी कुलपाची किल्ली मागितली. सुरक्षा अधिकारी म्हणाले, "तुम्ही समन्वयक आहात. तुम्हीच नियम मोडलात तर लोकांनी कुणाकडे बघायचं?"

बायकोला राहवलं नाही. "अहो, व्यायामाने तुमची तब्येत साफ ढासळली. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, त्यातली गत."

डॉक्टरबाईंनी यंत्राचा पट्टा दंडावरून काढला.

"चालणं सोडलंत?"

"सोडलं नाही. चालण्याचं काम फार वाढलंय," आवकराव म्हणाले. "येत्या शनिवारी उद्घाटन आहे. ते उरकलं की सुरू करतो."

"तुमचे भाऊ कोसळले म्हणालात, तेव्हा त्यांचंही काहीतरी उरकायचं राहिलं असेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आवकराव घरी येऊन त्या रात्री जेवले नाहीत. पण शनिवार तोंडावर आला होता.

उद्घाटनाला मुख्य कार्यालयातले मोठे अधिकारी आले. कार्यक्रमाची सुरुवात पदयात्रेने होती. ऊन कडक असल्यामुळे आणि पाहुण्यांचा गुडघा दुखत असल्यामुळे पदयात्रा मोटारींतून निघाली आणि उद्यानाला एक वळसा घालून परत आली. उद्यानात खरोखर चालणाऱ्या लोकांना तेवढ्या वेळापुरतं बाहेर उभं केलं होतं. मग पाहुण्यांनी बसून राहण्याचे दुष्परिणाम सांगितले. ते इतके सविस्तर सांगितले की श्रोत्यांच्या पायांना मुंग्या आल्या.

शेवटी साहेब उभे राहिले. "आता आपले समन्वयक. मोहिमेचा चालताबोलता पुरावा. त्यांचा रक्तदाब सर्वांसमक्ष मोजू."

परिचारिकेने आवकरावांच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला आणि आकडा बघून ती साहेबांच्या कानाशी लागली. साहेबांचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातला आनंद गेला.

"यंत्र बिघडलंय," त्यांनी जाहीर केलं. "दुसरं आणा."

दुसऱ्या यंत्रावर आकडा आणखी वर गेला.

"दोन्ही बिघडलीत. थांबा, सिद्धच करून दाखवतो." साहेबांनी कोट काढला, बाही सरसावली आणि पट्टा स्वतःच्या दंडाला बांधून घेतला. परिचारिकेने फुगा दाबला. तिने आकडा पाहिला, साहेबांकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाली, "तुम्ही आधी बसून घ्या."

"बघा, मला काही होत नाही, तरी एवढा आकडा," साहेब म्हणाले. "लेखापाल, तुम्ही या."

लेखापालांचा जास्त आला. सुरक्षा अधिकाऱ्यांचा त्याहून जास्त आला. पाहुण्यांनी मजेत हात पुढे केला आणि मग ती मजा तिथेच थांबवण्यात आली. मांडवाखालच्या जवळजवळ सगळ्या कार्यालयाचा रक्तदाब वाढलेला निघाला. त्यावर जागेवरच चर्चा होऊन असा निष्कर्ष निघाला की एवढी माणसं एकाच वेळी आजारी असू शकत नाहीत, सबब दोष यंत्रांचाच. यंत्रं परत पाठवण्याचा आदेश निघाला, तेव्हा कुठे सगळ्यांना बरं वाटलं.

"मला काही होत नाही." आवकरावांच्या कानात ते वाक्य घुमत राहिलं. व्यासपीठावर टाळ्या वाजत होत्या. त्यांना दादांची दाढीची वाटी आठवली, फरशीवर सांडलेला साबणाचा फेस आठवला. ते उठले, पायऱ्या उतरले आणि डॉक्टरबाईंच्या दवाखान्याकडे चालत निघाले. मागून कुणीतरी विचारलं, "समन्वयक कुठे चालले?" लेखापाल म्हणाले, "मोहिमेच्या कामालाच."

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं, गोळीची मात्रा वाढवली आणि कागद ओढून दोन ओळी लिहिल्या: 'यांची प्रकृती पाहता यांना व्यायाम मोहिमेपासून पूर्ण विश्रांतीची गरज आहे.'

कार्यालयात या कागदावर कुणी हरकत घेतली नाही. व्यायाम झेपत नाही अशी माणसं असतात, हे सगळ्यांना मान्य होतं. साहेब तर कळवळून म्हणाले, "एवढं अंगावर घ्यायला नको होतं तुम्ही." समन्वयकपद लेखापालांकडे गेलं आणि पुढच्याच महिन्यात त्यांचं डोकं जड होऊ लागलं. आवकराव परत आपल्या खुर्चीत आणि सकाळी रस्त्यावर आले. बैठक नाही, बिस्किट नाही, नुसतं चालणं. उतरायला या वेळी उशीर लागला, पण रक्तदाब उतरला. रविवारी ते दादांकडे चालत गेले. दादांनी त्यांचे धुळीने भरलेले बूट पाहिले आणि तोंड वाकडं करून हसले. त्याचा अर्थ वहिनींनी सांगावा लागला नाही.

एका पहाटे, अजून दिवे विझले नव्हते तेव्हा, कोपऱ्यावर कानटोपी घातलेलं कुणीतरी आवकरावांच्या शेजारून चालू लागलं. साहेब होते.

"कुणाला बोलू नका," साहेब म्हणाले. "कार्यालयाच्या दप्तरी माझी प्रकृती उत्तम आहे. पण बायकोने घरच्या यंत्रावर मोजलं. ते यंत्र परत पाठवता येत नाही."

दोघं चौकापर्यंत गेले. साहेबांना धाप लागली. ते खांबाला टेकून म्हणाले, "रोज यावं लागतं का?"

"रोज."

"आपल्या वतीने दुसऱ्या कुणाला पाठवलं तर?"

"नाही चालत, साहेब."

साहेब विचारात पडले. एवढी कडक अट त्यांनी नोकरीत कुठे पाहिली नव्हती. मग निश्चय करून म्हणाले, "ठीक आहे. आज नुसती पाहणी झाली असं समजू. उद्यापासून नियमित." आणि रिक्षा थांबवून घरी गेले.

ही हकिकत पुढे ज्याने ज्याने ऐकली, तो तो साहेबांना पोट धरून हसला. हसणं हाही एक चांगला व्यायामच आहे, असं कुणीतरी म्हणालं, आणि तेवढ्यावर सगळ्यांनी आजचं चालणं झालं असं धरलं. आपणही ती आरामात बसून शेवटपर्यंत वाचलीत. आता उठायला हरकत नाही. अर्थात, उद्यापासून.